बिनगव्हाचे मफिन आणि एकोणसत्तर ग्रॅम

पहिल्या खेपेतला पहिला मफिन माझ्या हातातून निसटून फरशीवर पडला, तेव्हा आवाज असा झाला की खालच्या मजल्यावरचे सर "काय पडलं हो?" असं विचारत वर आले. मफिनला काही झालं नव्हतं. फरशीचा कोपरा मात्र उडाला होता. तो अजून तसाच आहे, आणि घरी नवीन कुणी आलं की बायको आधी तो कोपरा दाखवते आणि मग पाणी विचारते.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनं तपासायची, कमी भरली तर पंचनामा करून जप्त करायची, हे माझं काम. बावीस वर्षं तेच करतोय. अर्धा किलो म्हणजे पाचशे ग्रॅम, या बाबतीत मी आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढच्या हकिकतीत माझी चूक शोधायला बसणाऱ्यांना आधीच सावध केलेलं बरं, एवढ्यासाठी सांगतो.

आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस रविवारी होता. आई दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे राहते. तिने फोनवर जाहीर करून टाकलं की चहाच्या वेळी केक कापायचा तो आमच्या मुलीला चालणाराच, नाहीतर कापायचाच नाही. आमच्या मुलीला सगळे ठिणगी म्हणतात. वय वर्षं दहा. पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिचा गहू कायमचा बंद केला. चुकून कण जरी पोटात गेला तरी पोरगी दोन दिवस आडवी पडते. त्यामुळे कुठेही गेलं तरी तिचा डबा बरोबर असतो. मागच्या वेळी दादाकडे सगळे टेबलाभोवती केक खात होते आणि ही आतल्या खोलीत कपाटाला टेकून, मांडीवर डबा घेऊन बसली होती. मी बोलवायला गेलो तर म्हणाली, "मी इथेच बसते. इथे पंखा चांगला आहे." त्या खोलीतला पंखा दोन वर्षं बंद आहे, आणि ते तिलाही माहीत होतं.

"मी रविवारी येणार नाही," सोमवारी तिने सांगून टाकलं. "मला डबा न्यायचा कंटाळा आलाय."

"डबा न्यायचाच नाही. तुला चालतं तेच सगळे खातील. केळ्याचे मफिन. बिनगव्हाचे, पौष्टिक. मी स्वतः करणार."

"आणि वाईट झाले तर?"

"तर सगळे वाईट खातील. सगळ्यांना सारखा न्याय."

"नको. मग सगळे माझ्याकडे बघून 'छान झालेत हं' म्हणतील. त्या तोंडाने." तिने ते तोंड करून दाखवलं. हुबेहूब माझी वहिनी. "तसं मला नको आहे, बाबा. खरंच चांगले झाले तर जाऊ या. नाहीतर मी घरी थांबेन."

"खरंच चांगले झाले की नाही, हे कोण ठरवणार?"

"मोठे काका," ती म्हणाली.

दादाने आयुष्यात कुठल्याही पदार्थाला चांगलं म्हटलेलं नाही. स्वतःच्या लग्नात तो वाढप्यांना भाताची शितं मोजून दाखवत होता. खाण्याच्या बाबतीत त्याला खोटं बोलताच येत नाही, कारण जे काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावर आधीच उमटलेलं असतं. दादाचा चेहरा हे आमच्या घराण्यातलं प्रमाणित वजन आहे.

कृती बायकोने मिळवली. आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी एक बेकरी होती. ती चालवणाऱ्या काकूंच्या यजमानांना गहू चालत नसे, म्हणून त्यांच्यासाठी काकू तांदळाच्या पिठाचे केळ्याचे मफिन करत. ते इतके सुरेख व्हायचे की चांगली धडधाकट माणसंही तेच मागायची. यजमान गेले, बेकरी दोन वर्षांपूर्वी बंद झाली, काकू आता मागच्या दोन खोल्यांत राहतात. मला कृती मिळवता आली नसती, कारण काकू माझ्याशी बोलत नाहीत. मी दिसलो की रस्ता ओलांडतात. त्यांचं एक अर्ध्या किलोचं वजन मी एकदा जप्त केलं होतं. कमी होतं, म्हणून केलं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे हे मला कधी कळलं नाही. जप्त केलेल्यांपैकी निम्मे लोक मला अजून नमस्कार करतात.

कृती अशी होती: सहा केळी, चार अंडी, वाटीभर तेल, मूठभर खजूर, चमचाभर सोडा, अर्धा किलो तांदळाचं पीठ. मी ती एका कागदावर लिहून घेतली आणि वाटी, मूठ, चमचा या तीन शब्दांखाली लाल रेघ मारली. असल्या मापांवर भरवसा ठेवणाऱ्या समाजाचं काय होणार, असंही बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "आधी मफिनचं काय होतं ते बघा."

सोमवारी संध्याकाळी मी दोन डझन केळी आणली. निम्मी पिकलेली, निम्मी हिरवी. केळी पिकली की नाही हे दाबल्याशिवाय कळत नाही, आणि मला तर बसवत नव्हतं. बाहेर जाताना दाबायचो, आत येताना दाबायचो, दात घासताना मध्येच येऊन दाबून जायचो. बुधवारपर्यंत एकेका केळ्यावर माझ्या अंगठ्याचे इतके ठसे उमटले की कुठल्याही कोर्टात ते पुरावा म्हणून चालले असते.

मंगळवारी पहिली खेप झाली. तिची कथा फरशीपासून सांगून झाली आहे. खालच्या मजल्यावरचे सर निवृत्त रसायनशास्त्रवाले. त्यांनी मफिन उचलून कानाशी नेला, टकटक केलं आणि निदान केलं, "सोडा कमी पडला. केळं आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी. वायू सुटायला हवा, तो सुटलेला नाही. लक्षात येतंय का?" शेवटचं वाक्य त्यांनी मागच्या बाकाकडे, म्हणजे फ्रीजकडे बघून म्हटलं.

बुधवारी सरांच्या देखरेखीखाली मी सोडा तिप्पट घातला. वायू सुटला. मफिन इतके फुगले की ओव्हनच्या वरच्या सळ्यांना जाऊन टेकले. सर टाळ्या वाजवत होते तोवर जळका वास आला, मी दार उघडलं आणि सगळे मफिन एकदम खाली बसले. चव साबणाची होती. ठिणगीने एक घास खाल्ला, बराच वेळ तोंडात धरला आणि विचारलं, "बाबा, हे गिळायचं की थुंकायचं?" सर म्हणाले, "प्रयोग फसला असं म्हणू नये. निष्कर्ष निघाला असं म्हणावं." निष्कर्ष बायकोने कचऱ्याच्या डब्यात टाकला.

आता माझ्या डोक्यात एकच विचार फिरायला लागला. कृती खरी, केळी पिकलेली, सोडा चमचाभर. मग चुकतंय कुठे? माझी नजर स्वयंपाकघरातल्या तराजूवर गेली. तपासला तर तो अर्ध्या किलोमागे दोन ग्रॅम कमी दाखवत होता.

"बारा वर्षं या तराजूवर तू मला जेवू घातलंस?" मी बायकोला विचारलं.

"करा पंचनामा माझा," ती म्हणाली. "आणि तांदूळ जप्त करून न्या, म्हणजे आज स्वयंपाक नको."

म्हणून गुरुवारी मी ऑफिसचा तराजू घरी आणला. वाटतं तितकं ते सोपं नाही. त्याला बाहेर न्यायचा परवाना लागतो, परवान्यावर प्रयोजन लिहावं लागतं, आणि प्रयोजनाच्या रकान्यात 'मफिन' लिहायला माझा हात धजेना. मी 'क्षेत्रीय चाचणी' असं लिहिलं. लाल खोका, त्यावर खात्याची मोहोर, पट्टा खांद्याला, असा मी संध्याकाळी बाजारातून निघालो. वाटेत आणखी एक डझन केळी घ्यायची होती. पण खोका बघितल्याबरोबर पहिल्या दुकानाचं शटर खाली आलं. मग दुसऱ्याचं. भाजीवालीने तराजू पालकाच्या जुड्यांखाली सरकवला आणि माझ्याकडे बघून हसायला लागली. "मी घरच्या कामाला चाललोय हो!" असं मी ओरडून सांगितलं, तर उरलेली चार शटरंही पडली. केळीवाला तेवढा सापडला, कारण त्याच्या हातगाडीचं चाक खड्ड्यात अडकलं होतं. त्याने कापऱ्या आवाजात सांगितलं की केळी तो नगावर विकतो, वजनावर विकतच नाही, आणि पिकलेली सगळी दुपारीच संपली. गाडीवर दिसत होती ती कच्ची, पोपटी. सरकारी खोका खांद्यावर घेऊन मी त्या रिकाम्या बाजारात उभा राहिलो आणि आपली दहशत आहे, या गोष्टीचा मला पहिल्यांदाच कंटाळा आला.

घरी येऊन पीठ मोजलं. पाचशे ग्रॅम, आणि दशांशचिन्हापुढे दोन शून्यं. या घरात इतकं अचूक पीठ कधीही मोजलं गेलं नव्हतं. मफिन इतके कडक झाले की सुरीचं टोक वाकलं. ठिणगी ओव्हनसमोर बसून होती. ती उठून आपल्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळाने आतून फोनवर तिचा आवाज आला. "आजी, मला वाटतं रविवारी माझं पोट दुखणार आहे."

दोन डझनांतली आता सहा केळी उरली होती. म्हणजे एकच खेप.

शुक्रवारी मी ऑफिसला न जाता सरळ काकूंच्या दारात जाऊन उभा राहिलो. दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं.

"आज काय न्यायला आलात?"

"काकू, तुमच्या कृतीत काहीतरी सांगायचं राहिलंय."

"काही राहिलेलं नाही. तीस वर्षं आमच्या ह्यांना तेच करून घातलं." मग दाराची कडी चाळवत त्या म्हणाल्या, "दगड होतायत ना? माझेही शेवटी व्हायला लागले होते. वय झालं की हात जातो, साहेब. म्हणून तर भट्टी बंद केली."

"कधीपासून व्हायला लागले?"

"तुम्ही वजन नेलंत ना, त्याच सुमाराला. नवीन वजन आणलं, तुमच्याच शिक्क्याचं. पहिल्याच दिवशी दगड. महिनाभर रोज करून बघितलं. मग म्हटलं, पुरे. लोकांच्या दातांचे शाप कशाला घ्यायचे?"

मी दारातच बोटांवर मोजायला लागलो. केळी सहा, अंडी चार. ती मोजून घ्यायची, त्यांना वजनाशी देणंघेणं नाही. वाटी तीच, मूठ तीच. सगळ्या कृतीत तराजूवर जाणारी एकच वस्तू, ती म्हणजे पीठ. आणि ते त्यांनी तीस वर्षं मोजलं होतं कमी भरणाऱ्या वजनावर.

"ते जुनं वजन कितीने कमी होतं?" मी विचारलं.

"मला काय विचारता? मोजलंत तुम्ही. मला नुसतं कमी आहे म्हणून सांगितलंत आणि सही घेतलीत."

मला आठवेना. वजन तर केव्हाच वितळवलं गेलं असणार, जप्तीचा माल खातं दर वर्षी वितळवतं. काकूंना त्याच वेळी सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुरावा हाती आल्याशिवाय बोलायचं नाही अशी खात्याची शिस्त आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि जवळजवळ पळत घरी आलो. खरं सांगायचं तर माझी जीभच उचलली नाही.

"मग थोडं कमी घाला की पीठ," बायको म्हणाली.

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं."

सहा केळी आणि थोडं! आकडा एकाच ठिकाणी होता. माझ्याच पंचनाम्यात, माझ्याच अक्षरात, आणि तो पंचनामा अभिलेख कक्षात होता.

अभिलेख कक्ष शुक्रवारी बंद असतो, शनिवारी एक वाजेपर्यंत उघडा. तिथल्या कारकुनाला आम्ही सगळे 'उद्या' म्हणतो, आणि तेही त्या नावाला ओ देतात. ठिणगीला शाळा नव्हती, ती बरोबर आली. पावणेबारा वाजले होते.

"मला माझाच एक पंचनामा हवाय," मी म्हणालो. "दोन वर्षांपूर्वीचा."

"अर्ज करा. सात दिवसांनी प्रत मिळेल."

"अहो, मीच लिहिलाय तो."

"लिहिताना तुमचा होता. आता तो अभिलेख आहे." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "कारण लिहा."

मी 'वैयक्तिक' लिहिलं. वैयक्तिक कारणासाठी शासकीय कागद मिळत नाही. मी खोडून 'शासकीय' लिहिलं. शासकीय कारणासाठी वरिष्ठांचं पत्र लागतं. वरिष्ठ शनिवारी गावाला जातात. शिवाय खाडाखोड झालेला अर्ज चालत नाही, म्हणून नवीन अर्ज घ्या, आणि नवीन अर्जाचा गठ्ठा संपलाय, तो उद्या. उद्या रविवार, म्हणजे परवा. भिंतीवरचं घड्याळ साडेबारा दाखवत होतं. मी त्या टेबलापुढे येरझाऱ्या घालत होतो आणि उद्या माझ्या येरझाऱ्या मान हलवून मोजत होते. आजवर किती दुकानदारांनी माझ्या टेबलापुढे अशाच फेऱ्या घातल्या असतील, हा विचार मनात आला आणि मी तो लगेच घालवून दिला.

"पण पाहिजे कशाला?" शेवटी उद्यांनी विचारलं.

मी खात्याच्या भाषेत काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात ठिणगी पुढे झाली. "मला गहू चालत नाही," ती म्हणाली. "उद्या आजीचा वाढदिवस आहे. बाबांना मफिन येत नाहीत. त्या कागदात एक आकडा आहे, तो मिळाला तर येतील. नाही मिळाला तर मी घरीच राहणार आहे."

उद्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "प्रत देता येणार नाही," ते म्हणाले. "पाहता येईल. पाहायला अर्ज लागत नाही. पण फोन बाहेर ठेवायचा आणि काही लिहून घ्यायचं नाही."

"मोठ्याने वाचलं तर?" ठिणगीने विचारलं.

"वाचायला कोण अडवतंय?"

बांधणीतून कागद निघाला. घड्याळात एकला दहा कमी होते. माझं अक्षर मला लागेना, तिने वाचायला घेतलं. "'सदर वजनाच्या तळाचे शिसे गळालेले असून तूट एकोणसत्तर ग्रॅम.' मिळालं! एकोणसत्तर, बाबा!" मी निघायला वळलो, पण ती थांबली नव्हती. "'सदर महिलेचा खुलासा. हे वजन सासऱ्यांच्या काळापासूनचे आहे. ते कमी आहे याची मला कल्पना नाही. त्यावर मी फक्त केकचे पीठ मोजते, विक्री नगावर करते. माझा हात त्या वजनावर बसला आहे, तरी ते नेऊ नये, ही विनंती.'" तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, काकूंनी सांगितलं होतं की!"

त्याखाली माझ्या अक्षरात दोनच शब्द होते आणि सही होती.

"'खुलासा असमाधानकारक,'" ती वाचत म्हणाली. "असमाधानकारक म्हणजे काय?"

कायद्याने मी चुकलो नव्हतो. धंद्याच्या जागेत कमी वजन सापडलं तर ते उचलावंच लागतं, मग त्यावर सोनं मोजा नाहीतर पीठ. हे मी तिला समजावून सांगू शकलो असतो.

"म्हणजे मी नीट ऐकलं नव्हतं," मी म्हणालो.

घरी न जाता आम्ही काकूंकडे गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी वाटेत चांगली तीन वाक्यं तयार केली होती, ती तिथे एकही आठवली नाहीत.

"तुमचा हात गेलेला नाही, काकू," मी म्हणालो. "माझ्या शिक्क्याचं वजन आल्यापासून तुमच्या पिठात रोज एकोणसत्तर ग्रॅम जास्त पडत होते. तेवढेच. बाकी काही नाही. तेव्हा तुमचं म्हणणं मी ऐकून घ्यायला हवं होतं."

काकूंनी आपले हात पुढे धरले, पालथे करून बघितले, उताणे करून बघितले. डोळे भरून आले होते. ते पदराने टिपले आणि मग एकदम ठिणगीकडे वळून करड्या आवाजात म्हणाल्या, "ओव्हन कसला आहे तुमच्याकडे? आणि केळी कुणी दाबत तर नाही ना?"

रविवारी सकाळी काकू आमच्या स्वयंपाकघरात आल्या. मी ऑफिसच्या तराजूवर पीठ ओतत ओतत चारशे एकतीसवर आणलं. बावीस वर्षांत 'अर्धा किलो' म्हणून कमी माल मी स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच मोजत होतो. काकूंनी त्या आकड्याकडे बघितलं, पीठ ओंजळीत घेऊन जरा झेललं, आणि म्हणाल्या, "हं. हाच." मग माझ्या केळ्यांवरचे ठसे बघून त्यांनी मला स्वयंपाकघराबाहेर काढलं. मी दोनदा ओव्हनचं दार उघडायला आत शिरलो, दोनदा हातावर चापट बसली. तिसऱ्यांदा बायकोने कडी लावली. मी जिन्यात फेऱ्या मारायला लागलो. तिथे सर भेटले आणि सोड्याविषयी बोलू लागले, तेव्हा मी त्यांना प्रथमच सांगितलं की सर, आता तास संपला.

वास जिन्यात आला तेव्हा आम्ही दोघेही बोलायचे थांबलो.

पहिला मफिन ठिणगीने खाल्ला. शेवटचा कण बोटाने टिपला. छान नाही, वाईट नाही, काही नाही. "जाऊ या," एवढंच म्हणाली आणि चपला घालायला गेली. काकूंनी हात धुतले, स्वतःसाठी दोन मफिन रुमालात बांधले आणि जाता जाता तो आकडा माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. खाली सहीसुद्धा मागितली. मी केली.

दादाकडे मी सगळ्यांना दारातच ताकीद दिली की कुणीही 'छान' म्हणायचं नाही. वहिनीचं तोंड तयार होतं, ते तिने मिटून घेतलं. आईने एका मफिनवर सुरी फिरवली, बश्या वाटल्या गेल्या. सगळे एकाच टेबलाभोवती, आणि ठिणगी आईच्या शेजारी. मी मात्र कुणाकडेच बघत नव्हतो. मी दादाचा चेहरा बघत होतो.

दादाने मफिन फिरवून बघितला. हुंगला. तोडला. चावला. चेहऱ्यावर काहीही आलं नाही. गिळला. तरीही नाही. मला चहा उतरेना. ठिणगीनेही मफिन हातात धरून ठेवला होता, आणि ती बघत होती तेही तिकडेच. मग दादाने दुसरा घेतला. आमच्याकडे न बघता, पेपर वाचत. मग तिसरा. ठिणगीने सावकाश खायला सुरुवात केली. थोड्या वेळात ताट रिकामं झालं. आईने चष्मा मागितला म्हणून ठिणगी उठून आत गेली, आणि तेवढ्यात माझ्या बावन्न वर्षांच्या भावाने पेपरच्या आडून हात लांबवून तिच्या बशीतला दुसरा मफिन उचलला.

"काका!" ती दारातूनच किंचाळली. "तो माझा आहे!"

"अगं, तुला काय कमी आहे? तुझा डबा असेल की," दादा तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"नाहीये! मी डबा आणलाच नाहीये!" ती पाय आपटत म्हणाली. "द्या माझा इकडे!"

बायकोने माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे. मला वाटलं होतं डबा तिच्या पिशवीत आहे, आणि तिला वाटलं होतं माझ्या. मग आईने मधे पडून दादाच्या हातातला मफिन काढून घेतला, मधोमध तोडला आणि दोघांच्या बशीत एकेक तुकडा ठेवला.

"हिचा मोठा आहे," दादा म्हणाला.

"तुमचा मोठा आहे," ठिणगी म्हणाली.

"अरे, तू वजनमापवाला ना?" दादाने मला विचारलं. "तू सांग. नीट बघून सांग."

मी वाकून दोन्ही बश्या बघितल्या. या नजरेला तराजू लागत नाही. ठिणगीचा तुकडा चांगला दहा ग्रॅमने मोठा होता.

"दोन्ही अगदी सारखे आहेत," मी म्हणालो.